बिद्रीच्या पुढं गाडी बंद का पडायची?

तुमच्या घरात वीस-पंचवीस वर्षांची कार असेल, तर पुढचा संवाद तुम्हाला पाठ असेल.

"गाडी मधेच बंद पडते."

"कधी?"

"कधीही."

मग गॅरेजमधला माणूस बॉनेट उघडतो, सेल्फ मारतो आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू होते. नुसती चालू होत नाही, तर पाहुण्यांसमोर शहाणं झालेल्या पोरासारखी एका लयीत शांत चालते. तो आपल्याकडं बघतो, आपण गाडीकडं बघतो. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसाच प्रकार.

साफ बंद पडलेली गाडी त्या मानानं सोपी. बिघाड जागेवरच बसलेला असतो, शोधला की सापडतो. मधूनच बंद पडणारी गाडी मात्र पंधरा मिनिटांत स्वतःच पुरावा पुसून टाकते. मग सुरू होतो अंदाजाचा खेळ. प्लग बदलून बघू, कॉइल बदलून बघू, पंप बदलून बघू. या प्रत्येक 'बघू'चं बिल आपण भरायचं असतं. आमच्या घरानं ते भरलं, म्हणून हे लिहितेय.

आजी, ऊस आणि आठशे

आमच्याकडं 1999 ची मारुती 800 आहे. तीन सिलिंडर, 796 सीसी. या गाडीची पहिली किल्ली 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि 2014 मध्ये ती बनायची थांबली, एवढा इतिहास तुम्हालाही माहीत असेल. आमची गाडी जुन्या कार्बोरेटरवाल्या पिढीतली. म्हणजे तिच्यात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. काय बिघडलं ते ती कुठल्याही स्क्रीनवर सांगत नाही.

आजी गारगोटीजवळच्या गावात राहते. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिला दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरला आणावं लागायचं. येताना ती मामाबरोबर यायची, सोडायला आम्ही जायचो. दिवाळीनंतरच्या पहिल्याच फेरीत, इस्पुर्ली मागं पडली, बिद्रीचा कारखाना गेला आणि पुढं थोड्याच अंतरावर गाडीनं एक हिसका दिला. मग दम लागल्यासारखं केलं. पप्पांनी ॲक्सिलरेटर दाबला, तरी ओढ नाही. आणि गप्प. पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर चालू! गारगोटी गाठली. दुसऱ्या दिवशी परत येताना काहीच झालं नाही.

पुढच्या फेरीला जवळपास त्याच ठिकाणी तेच. मावशीनं जाहीर केलं की त्या वळणावर काहीतरी आहे. लिंबू-मिरची आली, नारळ फुटला. हसू नका, कारण गॅरेजमधून आलेली उत्तरंही याहून फार वेगळी नव्हती. एकानं प्लग आणि वायरी बदलल्या. दुसऱ्यानं कॉइल बदलली. तिसऱ्यानं कार्बोरेटर खोलून साफ केला, नवा किट टाकला, वर पेट्रोलचा पंपही नवा बसवला. प्रत्येकानं रंकाळ्याला एक चक्कर मारून 'ओके' सांगितलं. साडेसात हजारांच्या वर गेले.

तिसऱ्या वेळी मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. संध्याकाळची साडेसहाची वेळ, उसाचा हंगाम ऐन भरात. त्या रस्त्यानं तुम्ही गेला असाल तर माहीत असेल: एकामागं एक ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाइट नसतो. आमची गाडी वळण संपताना बंद पडली. पप्पा मोबाइलची बॅटरी लावून मागं हात हलवत उभे. मी आजीला उतरवून बांधाकडं नेत होते आणि एक ट्रॉली इतक्या जवळून गेली की उसाची पानं आजीच्या पदराला घासली. त्या रात्री पप्पा म्हणाले, "बास. गाडी भंगारात देऊ. आजी एसटीनं जाईल." आजीचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं.

'कधीही' म्हणजे कधी?

विकायच्या आधी शेवटचा प्रयत्न म्हणून मी शिवाजी उद्यमनगरात एका वयस्क मिस्त्रींकडं गेले. उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिनपासून गाड्यांच्या सुट्या भागांपर्यंत लोखंडाला आकार देण्यात ज्या भागाच्या पिढ्या गेल्या, तो भाग. मला वाटलं होतं मिस्त्री बॉनेट उघडतील. त्यांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही.

"मामा, गाडी बिद्रीच्या पुढं बंद पडते," मी सुरुवात केली.

"कुठं ते नगं सांगू पोरी. कशी बंद पडत्या ते सांग. बटन दाबून लाइट घालवल्यासारखी, का दम लागून?"

"दम लागून. आधी हिसके देते."

"मग करंटचा नाद सोड. पेट्रोलच्या मागं लाग."

चार महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कुणीच विचारला नव्हता. तुमच्या गाडीला पहिला हाच विचारा. पेट्रोल इंजिनला चालायला मुख्यतः पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि योग्य वेळी ठिणगी लागते. ठिणगी तुटली तर इंजिन एका क्षणात मरतं, कारण करंट अर्धवट संपत नाही. पेट्रोल तुटलं तर ते उपाशी मरतं: कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या चार थेंबांवर थोडा वेळ ओढतं, हिसके देतं, मग थांबतं. हा नियम शंभर टक्के पाळला जातो असं नाही. अर्धवट सैल झालेली वायरसुद्धा हिसके देऊ शकते. पण निदान कुठल्या खोलीत आधी शोधायचं ते ठरतं. आमची कॉइल आणि प्लगचे पैसे या एका प्रश्नानं वाचले असते.

दुसरी गोष्ट मामांनी सांगितली ती वहीची. डॅशबोर्डवर एक वही ठेव आणि गाडी बंद पडली की तिथंच लिही. घरी जाऊन नाही, तिथंच. तारीख, निघाल्यापासून किती किलोमीटर, इंजिन गार की तापलेलं, ऊन की पाऊस, चढ की सपाट, टाकीत पेट्रोल किती, किती वेळानं चालू झाली. आणि ज्या दिवशी बंद पडली नाही, त्या दिवसाचंही लिही. हे शेवटचं मला फालतू वाटलं होतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण 'रीडिंग' कशी भरतो ते तुम्हाला माहीतच आहे. पण इथं मार्क नव्हते, आजी होती. त्यामुळं प्रामाणिकपणे लिहिलं.

दोन महिन्यांनी वही घेऊन बसले तेव्हा गावातली एकही नोंद 'बंद' नव्हती. रोज ऑफिस, बाजार, राजारामपुरी, स्टेशन, सगळं सुरळीत. गारगोटीच्या चार फेऱ्या. त्यातल्या तीन वेळा बंद. चौथ्या वेळी नाही. त्या चौथ्या वेळी काय वेगळं होतं? महिनाअखेर होती, पप्पांनी पाचशेचंच पेट्रोल टाकलं होतं. बाकी तिन्ही वेळा 'लांब जायचंय' म्हणून निघताना टाकी फुल्ल केली होती. आणि तिन्ही वेळा पंप सोडल्यापासून साधारण पस्तीस किलोमीटरवर गाडी गेली होती. वळणावरच्या भुताचा पत्ता लागला: ते वळणावर नव्हतं, पेट्रोल पंपापासून मोजलेल्या अंतरावर होतं.

थांबल्यावर चालू होते, पण का?

इथं जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. "पंधरा मिनिटं थांबलं की चालू होते" हे ऐकलं की बहुतेकजण म्हणतात, गरम होऊन बंद पडतेय. ते शक्य आहेच. उन्हाळ्यात घाट चढताना पाइपमधलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते, आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. ॲम्बेसेडर आणि फियाटच्या जमान्यातले ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच. कॉइलसुद्धा तापली की आतली तार तुटल्यासारखी वागते आणि गार झाली की पुन्हा जोडली जाते. आमच्या नव्या पंपाचं आणि नव्या कॉइलचं कारण हेच दिलं गेलं होतं.

पण पंधरा मिनिटांत फक्त इंजिन गार होतं का? त्या वेळात दुसरंही काही घडत असेल तर? वाफ विरते, कॉइल निवते, टाकीच्या तळाचा गाळ खाली बसतो, टाकीत हळूहळू हवा शिरते. चारही कारणांचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच. म्हणून 'थांबल्यावर चालू झाली' हा पुरावा कुणाच्याच बाजूचा नाही. या चौघांना वेगळं करील अशी चाचणी गाडी बंद असतानाच, पहिल्या दोन मिनिटांत करायला हवी. थांबून राहिलो तर संधी गेली.

कार्बोरेटरवाल्या गाडीत ती चाचणी सोपी आहे. एअर फिल्टरचं झाकण काढायचं, कार्बोरेटरच्या तोंडात बघत हातानं थ्रॉटल ओढायचा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल येतंय, दोष ठिणगीकडं. कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही. ठिणगी बघायची तर एक जादा प्लग वायरीला लावून इंजिनच्या धातूला टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्यानं सेल्फ मारायचा. वायर हातात धरायची नाही, झटका जबरी बसतो. आणि या दोन्ही चाचण्या एकाच वेळी शेजारी शेजारी करू नका. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी समोरासमोर आली तर गाडी विकायचाही प्रश्न उरणार नाही.

मामांनी मात्र मला याहून सोपं काम दिलं. वही वाचून त्यांनी विचारलं, "दिवाळीच्या आधी गाडीत काय बदललंस?"

"काहीच नाही."

"आठव."

आठवलं. टाकीचं जुनं झाकण सैल झालं होतं, गाडीत पेट्रोलचा वास यायचा, म्हणून पप्पांनी किल्लीचं नवं झाकण बसवलं होतं. दीड-दोनशे रुपयांची गोष्ट. ती 'दुरुस्ती' म्हणून आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हती.

"आता बंद पडली की बॉनेटला हात लावू नगंस. टाकीचं झाकण उघड आणि कान लाव."

फुस्स

पुढची फेरी सकाळची, मुद्दाम उजेडाची. टाकी फुल्ल. मी आणि पप्पा. गाडीत आजी नव्हती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडावी असं वाटत होतं. पडली. त्याच पट्ट्यात, त्याच पद्धतीनं. मी पळत मागं गेले, किल्ली लावून झाकण फिरवलं.

फुस्स!

सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखा आवाज, फक्त उलटा. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. पप्पांनी सेल्फ मारला. तापलेलं इंजिन, एक मिनिटही थांबलो नव्हतो, आणि गाडी चालू. म्हणजे गरम होण्याचा काही संबंधच नव्हता.

घडत काय होतं ते आजीला सांगायला गेले आणि मला दोन वाक्यांच्या पुढं बोलावंच लागलं नाही. तिनं आयुष्यभर गोडेतेलाचे डबे फोडलेत. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गडगडत, अडखळत येतं. म्हणून समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडायचं, म्हणजे तेल जाईल तेवढी हवा आत येते. "मग दुसरं भोक बुजलंय म्हण की!" आजी म्हणाली. अगदी तेच.

टाकीतून पेट्रोल जाईल तशी तिथं हवा यावी लागते. ती आली नाही तर आतला दाब कमी होत जातो, आणि शेवटी पंपाच्या ओढण्यापेक्षा टाकीचं धरून ठेवणं जड होतं. मग फुल्ल टाकीतच का? कारण फुल्ल टाकीत पेट्रोलच्या वर हवेला जागा थोडी असते, दोन-तीन लिटरची. त्यातून दोन लिटर पेट्रोल गेलं की तेवढ्याच हवेला जवळपास दुप्पट जागेत पसरावं लागतं, आणि दाब झपाट्यानं उतरतो. आमची गाडी लिटरला सतरा-अठरा देते. दोन लिटर म्हणजे पस्तीस किलोमीटर. हिशोब करून बघा. टाकी अर्धी रिकामी असेल तर आधीच दहा-पंधरा लिटर हवा असते, तिला दोन लिटर आणखी पसरायला सांगितलं तर फरक जाणवतसुद्धा नाही. गॅरेजमधल्या चकरा नेहमी रिकाम्या टाकीवर झाल्या. परत येताना टाकीत जागा झालेली असायची, रात्रभरात फटीफटीतून हवाही शिरलेली असायची. सगळं जुळलं.

मामांचं मात्र यावर समाधान झालं नाही. "एकदा झालं त्याला काय पुरावा म्हणायचा? परत बंद पाड, मग मी मानतो." मग एका रविवारी पुन्हा टाकी काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि हायवेनं निपाणीच्या दिशेनं निघालो. हिसके सुरू झाले तशी गाडी कडेला घेतली, झाकण सैल केलं, तसेच पुढं निघालो. पुढं काहीच नाही. ना बिद्री, ना वळण, रस्ताच वेगळा. मावशीला हे सांगितल्यावर ती थोडी नाराज झाली.

मूळ दोष झाकणाचाही नव्हता. टाकीला हवेसाठी वेगळी बारीक नळी असते, ती बुजली होती. जुनं सैल झाकण इतकी वर्षं तिचं काम गुपचूप करत होतं, नवं घट्ट झाकण आल्यावर ती वाट बंद झाली. मामांनी नळी सोडवून तार घातली, मग कॉम्प्रेसरची हवा मारली, तर आतून सुक्या मातीचे तुकडे पडले. कुंभारीण माशीचं घर. गाडी शेडमध्ये महिनोन्‌महिने उभी होती तेव्हा तिनं ते बांधलं असणार. मामांनी शंभर रुपये घेतले आणि वर चहा पाजला.

तुमची गाडी बटन दाबल्यासारखी बंद पडत असेल तर

मग गोष्ट वेगळी. तिथं झाकणं उघडत बसू नका. आधी किल्लीकडं बघा. किल्लीला घराच्या चाव्या, देवाचं लॉकेट, बाटली ओपनर असा पाव किलोचा जुडगा लटकत असेल आणि खड्ड्यात गाडी बंद पडत असेल, तर जुना झिजलेला इग्निशन स्विच पहिला संशयित. जुडगा काढून चार दिवस चालवा. फुकटची चाचणी आहे.

ही किरकोळ गोष्ट वाटते, पण अमेरिकेत यावरून केवढं रामायण झालं बघा. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांमध्ये किल्ली जराशा धक्क्यानं 'चालू'वरून मागं सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि एअरबॅगही बंद. कंपनीनं ही तक्रार कित्येक वर्षं ग्राहकांची 'गैरसोय' या खात्यात टाकली होती. 2014 मध्ये या स्विचसाठी सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि कंपनीच्या भरपाई निधीनं 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. आणि हे उघडकीला कसं आलं? एका खटल्यात काम करणाऱ्या फ्लोरिडातल्या इंजिनिअरनं बाजारातून नवा स्विच विकत आणला आणि जुन्याशेजारी ठेवून दोन्ही बारकाईनं मोजले. कंपनीनं पार्ट नंबर न बदलता आतला भाग गुपचूप बदलला होता. वाक्य पुन्हा तेच: काय बदललं?

2000 नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत आणखी एक नेहमीचा गुन्हेगार म्हणजे क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला तोच सांगतो. जुना झाला की तापल्यावर गप्प बसतो आणि निवल्यावर बोलायला लागतो. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं, तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडतो. पंपाच्या रिलेचं डाग दिलेलं जोड सुटलं तरी लक्षण असंच. हे गॅरेजमध्ये पकडायचं असेल तर बिघाडाला तिथंच बोलवावं लागतं: संशयित भागावर घरचा हेअर ड्रायर धरून तो तापवायचा, वायरी एकेक करून हलवायच्या. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या जुन्या गाडीला रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा. चिरलेल्या प्लगच्या वायरीतून निळ्या ठिणग्या उडताना दिसतात, फक्त हात लांब ठेवा. स्कॅनरचं म्हणाल, तर आपल्याकडं गाडीतली निदान यंत्रणा 2010 नंतर टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांना ब्लूटूथवालं स्वस्त यंत्र लागेलच असं नाही. आणि लागलं तरी कोड हा धागा असतो, निकाल नसतो. 'सेन्सरचा सिग्नल तुटला' याचा अर्थ सेन्सर गेला असाच नाही, वायरही तुटलेली असू शकते.

कोल्हापूरकरांनी आणखी एक लक्षात घ्यावं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं गेलं. आपल्या उसाला त्यातून भाव मिळावा हे मलाही हवंय. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्यांना मऊ करतं आणि वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी बसलेला गाळ सोडवतं. जुनी गाडी महिनाभर उभी ठेवून मग एकदम लांब निघाला असाल आणि ती हिसके द्यायला लागली, तर पेट्रोल फिल्टर आधी बघा. तो सगळ्यात स्वस्त पार्ट आहे.

चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर? ब्रेकला बूस्टर असलेल्या गाडीत एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते, त्यामुळं ब्रेक पंप करत बसायचं नाही, एकदाच ठाम दाबायचा. पॉवर स्टिअरिंग असेल तर चाक जड होतं पण फिरतं. घाबरून किल्ली पूर्ण मागं फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. वेग आहे तोवर गाडी डावीकडं, रस्त्याच्या बाहेर. आणि माणसं आधी गाडीतून उतरवायची, बॉनेट नंतर.

कार नाही म्हणून हे वाचून सोडून देणार असाल तर तुमच्या बाइकच्या टाकीचं झाकण बघा. त्यातही हवेसाठी बारीक भोक असतं, आणि सर्व्हिसिंगच्या पाण्यानं, चिखलानं ते बुजतं. युनिव्हर्सिटीपर्यंत नीट जाणारी बाइक पन्हाळ्याच्या वाटेवर हिसके देत असेल, तर झाकण उघडा आणि कान लावा.

आमची गाडी विकली नाही. आजी परवाच येऊन गेली, टाकी फुल्ल करून तिला सोडलं. वही अजून डॅशबोर्डवर आहे. शेवटची नोंद पप्पांच्या अक्षरात: "गारगोटी, जाऊन-येऊन. बंद पडली नाही. डावा वायपर कधीकधी चालत नाही." खाली मी लिहिलंय, "कधीकधी म्हणजे कधी?"